मारिओ कार्टमध्ये बाईक: नव्या खेळाडूने सुरुवात कुठून करावी

मारिओ कार्ट हा निन्टेन्डोचा शर्यतीचा व्हिडिओ गेम पहिल्यांदा हातात घेतलेला माणूस गाडी निवडायच्या पडद्यावर येतो, चारचाकींच्या रांगेत एक छानशी बाईक दिसते, ती घेतो आणि पहिल्याच वळणावर आतल्या बाजूच्या गवतात शिरतो. पुढच्या शर्यतीला तो परत चारचाकीवर. 'बाईक अवघड असते' हा समज असाच पसरला आहे. बाईक अवघड नाही, पण तिच्यात दोन जाती आहेत आणि त्या जाती गेम तुम्हाला सांगत नाही. कुठली बाईक कशी वळते एवढं आधी कळलं, तर निम्मं काम झालं.

हा लेख मुख्यतः 'मारिओ कार्ट ८ डिलक्स' खेळणाऱ्यांसाठी आहे, कारण निन्टेन्डो स्विचवर सर्वाधिक खपलेला गेम तोच, आणि नवखा खेळाडू बहुतेक वेळा तिथूनच सुरू करतो. शेवटी निन्टेन्डोच्या वी या जुन्या कन्सोलवरच्या गेमबद्दलही लिहिलं आहे. बाईक तिथे जन्मली आणि तिथली बाईक वेगळी चालते.

थोडा इतिहास, पुढे उपयोगी पडेल एवढाच. ही मालिका १९९२ साली 'सुपर मारिओ कार्ट'पासून सुरू झाली, पण पुढची सोळा वर्षं तिच्यात दुचाकी नव्हतीच. २००८ च्या 'मारिओ कार्ट वी'मध्ये ती आली आणि आली ती थाटात: एकूण ३६ वाहनांपैकी १८ बाईक. २०११ च्या 'मारिओ कार्ट ७'मधून त्या काढून टाकल्या. २०१४ साली वी यू या कन्सोलवर आलेल्या 'मारिओ कार्ट ८'मध्ये त्या परतल्या, सोबत जाड टायरांच्या चारचाकी एटीव्हीही आल्या. डिलक्स ही त्याच गेमची २०१७ ची वाढवलेली आवृत्ती. २०२५ च्या 'मारिओ कार्ट वर्ल्ड'मध्येही बाईक आहेत, मात्र तिथे टायर आणि ग्लायडर (हवेत तरंगायचे पंख) स्वतः जोडायची सोय नाही; गाडी जशी आहे तशी घ्यायची. शिवाय एका शर्यतीत २४ जण असतात, त्यामुळे गर्दीत शिकायला तो गेम मी नवख्याला सुचवणार नाही.

पायरी १: सीसीचा अर्थ समजून घ्या

आपल्याकडे १०० सीसी म्हटलं की मायलेज आणि १५० म्हटलं की जरा दमदार बाईक, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. इथे ते विसरा. मारिओ कार्टमधली ५०, १०० किंवा १५० सीसी ही तुमच्या गाडीच्या इंजिनाची क्षमता नसते. ती अख्ख्या शर्यतीची वेगश्रेणी असते, सगळ्यांना सारखीच लागू. तुम्ही स्कूटर घ्या नाहीतर ट्रकसारखी दिसणारी चारचाकी, ५० सीसीत सगळेच हळू जातात आणि १५० मध्ये सगळेच पळतात.

बाईक शिकायला १०० सीसी बरी. ५० वर वेग इतका कमी असतो की ड्रिफ्ट, म्हणजे गाडी घसरवत वळवणं, न करताही वळणं निघून जातात, आणि मग जे शिकायचं तेच शिकायचं राहून जातं. २०० सीसीच्या वाटेला इतक्यात जाऊ नका.

पायरी २: मदतनीस बंद करा

डिलक्समध्ये गाडी निवडण्याच्या पडद्यावर प्लस बटण दाबलं की गाडीचे गुण दिसतात, आणि तिथेच तीन सोयी चालू-बंद करता येतात: स्मार्ट स्टिअरिंग, आपोआप वेग घेणं, आणि कंट्रोलर तिरका करून वळवणं. यातली स्मार्ट स्टिअरिंग रस्त्याबाहेर जाऊ लागलेल्या गाडीला हळूच आत ढकलते. ती चालू असेल तर गाडीच्या मागे एक छोटी अँटेना दिसते, तिच्यावरून ओळखा.

लहान मुलांसोबत खेळताना ही सोय फार चांगली आहे आणि तिची टिंगल करणाऱ्यांशी माझं पटत नाही. पण बाईक शिकायची असेल तर ती बंदच हवी. एक तर ती चालू असताना मिनी-टर्बोची, म्हणजे ड्रिफ्टनंतर मिळणाऱ्या धक्क्याची, सर्वात वरची, जांभळी पायरी मिळत नाही. काही आडवाटाही ती घेऊ देत नाही. आणि मुख्य म्हणजे बाईक आत किती ओढते हे तुमच्या हाताला कळतच नाही, कारण तुमच्या आधी गेमच तिला सावरतो.

तिरकं करून वळवण्याची सोयही बंद ठेवा. ड्रिफ्टमध्ये स्टिक बारीक बारीक हलवावी लागते, ते काम मनगटापेक्षा अंगठा नेमकं करतो.

पायरी ३: दोन जाती ओळखा

सगळा लेख या पायरीसाठी आहे, म्हणून इथे जरा थांबू.

आधी ड्रिफ्ट म्हणजे काय ते. ए बटण दाबून वेग घेतलेला असताना आर दाबलं की गाडी छोटी उडी मारते. त्याच वेळी स्टिक डावीकडे किंवा उजवीकडे धरून आर सोडलं नाही, तर खाली टेकताच गाडी घसरत वळू लागते. घसरताना चाकांपाशी ठिणग्या उडतात: आधी निळ्या, मग नारिंगी, मग जांभळ्या. आर सोडलं की त्या रंगाप्रमाणे लहान, मध्यम किंवा मोठा धक्का पुढे मिळतो. हाच मिनी-टर्बो. शर्यती याच्यावर जिंकल्या जातात. कासवाच्या कवचांवर आणि केळ्याच्या सालींवर जिंकल्या जातात असं वाटतं, पण ते नशीब झालं.

आता गाडी घसरते कुठे? सगळ्या चारचाकी, सगळ्या एटीव्ही आणि निम्म्याहून अधिक बाईक ड्रिफ्ट सुरू होताच आधी बाहेरच्या बाजूला सरकतात आणि मग वळण धरतात. घाटात एसटी वळणाआधी बाहेरची कड धरते आणि मग आत येते, तसाच हा मार्ग. याला बाहेरचा ड्रिफ्ट म्हणू. उरलेल्या बाईक मात्र बाहेर सरकतच नाहीत. उडी मारून खाली टेकल्या की त्याच क्षणी नाक आत घालतात आणि वळणाच्या आतल्या कडेला चिकटून जातात. हा आतला ड्रिफ्ट.

डिलक्समध्ये बाहेरचा ड्रिफ्ट असलेल्या बाईक: स्टँडर्ड बाईक, ड्यूक, फ्लेम रायडर, व्हार्मिंट, मिस्टर स्कूटी, सिटी ट्रिपर. आतला ड्रिफ्ट असलेल्या: कॉमेट, स्पोर्ट बाईक, जेट बाईक, योशी बाईक, मास्टर सायकल.

ढोबळ खूण अशी की चालक बाईकवर पुढे झुकून, पोट टाकीला लावून बसला असेल तर ती बहुधा आत वळणारी. पाठ सरळ ठेवून स्कूटरवर किंवा क्रूझरवर बसल्यासारखा असेल तर बाहेरची. यादी पाठ करायची गरज नाही, पण नवी बाईक मिळाली की आधी एका मोकळ्या वळणावर आर दाबून पाहा. पहिल्या क्षणात उत्तर मिळतं.

दिसण्यावरून फसायला होतं ते इथेच. मिस्टर स्कूटी आणि बिडीबगी नावाची चिमुकली चारचाकी यांचे गुण सारखेच आहेत. ड्यूक ही भारदस्त दिसणारी बाईक आणि साधी स्टँडर्ड कार्ट यांचेही सारखेच. म्हणजे या बाईक चालवताना तुम्ही खरं तर कार्टच चालवत असता, फक्त दोन चाकांवर. दोष नाही त्यात. मला तर नवख्यासाठी तीच उत्तम गोष्ट वाटते.

पायरी ४: पहिली बाईक बाहेर वळणारी घ्या

स्टँडर्ड बाईक सुरुवातीपासून खुली असते, तीच घ्या. बाकीचे भाग शर्यतीत नाणी गोळा होतील तसे एकेक करून उघडत जातात, पण कुठला कधी उघडेल ते तुमच्या हातात नाही. त्यामुळे 'मला कॉमेटच हवी' म्हणून अडून बसू नका.

चालक निवडताना वजन पाहा. जड पात्रांचा कमाल वेग जास्त असतो, पण धडकून थांबल्यावर परत वेग घ्यायला ती वेळ लावतात. हलकी पात्रं याच्या उलट. नवखा खेळाडू वारंवार धडकतोच, त्यामुळे टोड, कूपा किंवा योशी अशा हलक्या-मध्यम पात्राने सुरुवात करावी. बाउझर दिसायला जोरदार आहे. त्याला नंतरसाठी ठेवा.

टायरांमध्ये साधे स्टँडर्ड किंवा छोटे रोलर. रोलर टायरांनी वेग पटकन पकडता येतो आणि मिनी-टर्बो जास्त वेळ टिकतो. हा दुसरा गुण पडद्यावरच्या पट्ट्यांमध्ये दिसत नाही, पण आतून मोजला जातो. स्लिक टायर वेगवान, मात्र पकड कमी. ग्लायडर कुठलाही चालेल, तिथे डोकं घालू नका.

पायरी ५: सरावाची जागा

टाइम ट्रायल हा प्रकार निवडा. तिथे कोणी कवच मारत नाही, कोणी धक्का देत नाही, हाताशी फक्त वेग देणारे तीन मशरूम असतात. रस्ता, तुम्ही आणि घड्याळ. फक्त इथे वेग १५० किंवा २०० सीसीचाच मिळतो, म्हणून आधी थोडा सराव १०० सीसीच्या साध्या शर्यतीत करून मग १५० च्या टाइम ट्रायलला या.

पहिला ट्रॅक मू मू मेडोज. मोकळं कुरण, रुंद रस्ता, सौम्य वळणं. इथे एकच गोष्ट शिकायची: प्रत्येक वळणात ठिणग्या नारिंगी होईपर्यंत आर सोडायचं नाही. वळण संपत आलं आणि ठिणग्या अजून निळ्याच असतील तर ड्रिफ्ट उशिरा सुरू केला असं समजा. बाहेर सरकणाऱ्या बाईकवर ड्रिफ्ट वळण सुरू होण्याच्या जरा आधीच धरायचा असतो, कारण ती आधी बाहेर जाणारच.

स्टिकचं गणितही इथेच कळेल. ड्रिफ्टमध्ये स्टिक वळणाच्या दिशेने दाबून धरली तर गाडी आवळून वळते आणि ठिणग्या लवकर चढतात. उलट दिशेने धरली तर वळण सैल होतं आणि ठिणग्या हळू चढतात. हे पुढच्या पायरीला फार महत्त्वाचं आहे.

दुसरा ट्रॅक बेबी पार्क. हा लहानसा लंबगोल आहे, त्याच्या सात फेऱ्या असतात आणि वळणं दोनच, दोन्ही अर्धवर्तुळाकार. कंटाळवाणा वाटेल, पण तेच वळण इतक्यांदा येतं की चूक लगेच दुरुस्त करता येते.

सुरुवातीचा धक्काही शिकून घ्या. तीन, दोन, एक अशी उलटी मोजणी होते; दोनचा आकडा येताच ए दाबून धरा. आधीच दाबून बसलात तर चाकं जागच्या जागी फिरतात आणि बाकीचे पुढे निघून जातात. उंचवट्यावरून झेपावताना कडेला आर दाबलं की चालक हवेत करामत करतो आणि उतरताना थोडा वेग मिळतो. हे सगळ्या वाहनांना सारखंच आहे, म्हणून इथे जास्त लांबवत नाही.

पायरी ६: आता आत वळणारी

बाहेरच्या ड्रिफ्टवर हात बसला की कॉमेट किंवा योशी बाईक घ्या. एक प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. योशी बाईक, कॉमेट, टेडी बगी ही एटीव्ही आणि कॅट क्रूझर ही चारचाकी या चौघांचे गुण सारखे आहेत. तोच चालक, तेच टायर, तोच ग्लायडर ठेवा आणि बेबी पार्कवर आधी टेडी बगी, मग योशी बाईक चालवा. आकडे तेच, तरी दोन वेगळे गेम खेळल्यासारखं वाटेल. जो फरक जाणवतो तो निव्वळ ड्रिफ्टच्या दिशेचा.

आत वळणाऱ्या बाईकवर तीन सवयी बदलाव्या लागतात.

ड्रिफ्ट उशिरा सुरू करा. वळणाच्या तोंडाशी, अगदी आतली कड समोर आल्यावर. कार्टच्या सवयीने आधीच आर दाबलं की थेट गवत, आणि बहुतेक नवखे तिथेच वैतागतात.

वळणाकडे बाहेरून या. रस्ता डावीकडे वळणार असेल तर आधी उजव्या कडेला जा. बाहेर सरकायची सोय या बाईकला नाही, म्हणून जागा तुम्हीच करून ठेवायची.

लांबट, सौम्य वळणात स्टिक उलट धरायला शिका. नाहीतर बाईक आत आत ओढत राहील. पण मघाशी म्हटलं तसं, उलट धरली की ठिणग्या हळू चढतात. म्हणून लांब वळणावर आतली बाईक घेणारा बहुतेक वेळा निळ्या-नारिंगीवर समाधान मानून दोन लहान ड्रिफ्ट करतो, तर कार्टवाला एकच लांब ड्रिफ्ट करून जांभळा धक्का घेतो. रुंद ट्रॅकवर आतल्या बाईकचा फायदा फारसा दिसत नाही तो यामुळेच. तो दिसतो निओ बाउझर सिटीसारख्या ट्रॅकवर, जिथे पावसात एकामागून एक अरुंद, काटकोनी वळणं येतात आणि कार्ट बाहेरच्या भिंतीला घासत जाते.

माझं मत विचाराल तर डिलक्समध्ये आतली बाईक ही हौसेची गोष्ट आहे. ती घेतली म्हणून तुम्ही जास्त वेगवान होत नाही. पण कडेला घासून, एका झटक्यात वळण कापण्यात जी मजा आहे ती कार्टमध्ये नाही, आणि हौसेसाठीच तर खेळतो.

पायरी ७: गर्दीत उतरताना

सरावात बाहेरच्या कडेने येऊन आत घुसायची रेषा पाठ झालेली असते. शर्यतीत तिथे अकरा जण आणखी असतात आणि त्यातले बरेच बाहेरच्या ड्रिफ्टवर, म्हणजे तुमच्या उलट रेषेवर. तुम्ही बाहेरून आत येताना ते आतून बाहेर सरकत असतात. टक्कर ठरलेली. हलक्या पात्रावर असाल तर उडून तुम्हीच जाल. म्हणून गर्दी असेल तेव्हा परिपूर्ण रेषेचा हट्ट सोडा, आतल्या कडेलाच राहा आणि लहान ड्रिफ्ट घ्या.

एक अपवाद. चाकं आडवी होऊन निळी चमकतात ते गुरुत्वविरोधी भाग. तिथे दुसऱ्याला घासलं की दोघांनाही गिरकी बसून वेग मिळतो. तिथे टक्कर टाळायची नाही, मारायची.

नाणी दहापर्यंत गोळा करत राहा. प्रत्येक नाण्याने कमाल वेग थोडा वाढतो, दहानंतर वाढत नाही. मार खाल्ला की काही नाणी सांडतात.

२०० सीसीला हात घालाल तेव्हा ब्रेक वापरायला शिकावं लागेल. ड्रिफ्टमध्ये ए न सोडता बी दाबलं तर ड्रिफ्ट तुटत नाही, फक्त वेग उतरतो आणि ठिणग्या टिकून राहतात. आत वळणारी बाईक त्या वेगात आणखी तीव्र भासते.

वी वरची बाईक

कोणाच्या घरी अजून जुना वी चालू असेल तर 'मारिओ कार्ट वी' जरूर खेळा, पण वर जे शिकलात त्यात दोन मोठे बदल करून.

पहिला: तिथे बाईकला निळ्या ठिणग्यांपर्यंतच मिनी-टर्बो मिळतो. नारिंगी पायरी फक्त कार्टला. हा तोटा भरून काढायला बाईकला व्हीली दिलेली आहे. रिमोट वर झटकला, किंवा बाणांच्या बटणातलं वरचं दाबलं, की पुढचं चाक उचललं जातं आणि सरळ रस्त्यावर वेग वाढतो. काही क्षणांनी चाक आपोआप खाली येतं, मग पुन्हा उचलायचं. व्हीलीत गाडी जवळजवळ वळत नाही, आणि त्याच वेळी कोणी धडकलं तर वेग पार कोसळतो. म्हणून व्हीली मोकळ्या सरळ रस्त्यावरच. गेमसोबत मिळणारं पांढरं स्टिअरिंग सारखं वर झटकत राहिलं तर हात भरून येतात. बाईकसाठी नन्चक (रिमोटला जोडायचा स्टिकवाला दुसरा भाग) जोडून बटणं वापरणं सोपं पडतं.

दुसरा: तिथे ड्रिफ्ट स्वयंचलित ठेवला तर मिनी-टर्बो मुळीच मिळत नाही. मॅन्युअलच निवडा.

सुरुवातीला ५० सीसीत फक्त कार्ट आणि १०० सीसीत फक्त बाईक असा नियम दिसेल. १५० सीसीत दोन्ही घेता येतात. सराईत खेळाडू मात्र व्हीलीमुळे बाईकच पसंत करतात. जड गटात फंकी काँग हे पात्र आणि फ्लेम रनर ही बाईक, ही जोडी इतकी चालली की शर्यतीत निम्मे चेहरे तेच दिसायचे. मध्यम गटात डेझी आणि मॅक बाईक. फ्लेम रनर, मॅक बाईक, तसेच बुलेट बाईक आणि स्पिअर, सगळ्या आत वळणाऱ्या. निन्टेन्डोची त्या गेमसाठीची अधिकृत ऑनलाइन सेवा मे २०१४ मध्ये बंद झाली, तरी चाहत्यांनी उभारलेल्या सर्व्हरवर शर्यती अजून होतात. तिथे नवख्याने लगेच उतरू नये, लोक सोळा-सोळा वर्षं मुरलेले आहेत.

वी वर हात बसला आणि मग डिलक्सकडे परत आलात, तर काही दिवस सरळ रस्ता दिसला की बोट आपसूक वरच्या बटणाकडे जाईल. तिथे व्हीलीचा धक्का नाही. त्या सरळ रस्त्यावर नाणी वेचा, आणि पुढच्या वळणासाठी बाहेरची कड धरायला लागा.